खासगीचा दानधर्म आणि इंदूरमधील निराश्रित

होळकरांच्या दफ्तरात ‘दौलत’ आणि ‘खासगी’ असे दोन शब्द वारंवार येतात. दोन्ही शब्द अरबीतून फारसीमार्गे मराठीत आले आणि येथे पक्के रुजले. दौलत म्हणजे राज्याचा खजिना. त्यातून फौज, किल्ले आणि कारभार चालत असे. खासगी म्हणजे राजघराण्यातील स्त्रीची स्वतंत्र मिळकत. इ. स. १७३४ मध्ये मल्हारराव होळकरांच्या विनंतीवरून पेशव्यांनी त्यांच्या पत्नी गौतमाबाई यांच्या नावे ही मिळकत करून दिली. महेश्वर, चोळी, सांवेर, देपालपूर इत्यादी माळवा-निमाडातील महाल आणि दक्षिणेतील काही गावे तिच्यात होती. वार्षिक उत्पन्न सुमारे तीन लाख रुपये धरले जाई. गौतमाबाईंच्या निधनानंतर ही मिळकत त्यांच्या सुनेकडे, म्हणजे अहिल्याबाईंकडे आली. इंदूर परिसरातील धर्माधिष्ठित दानाचा इतिहास पाहताना ही वस्तुस्थिती आधी लक्षात घ्यावी लागते. भारतभर ज्या दानाचा लौकिक झाला, त्याचा मूळ आधार राज्याचा महसूल नव्हता. तो एका स्त्रीच्या वहीतील जमाखर्च होता.

अहिल्याबाईंचे पती खंडेराव १७५४ साली कुंभेरच्या वेढ्यात मारले गेले. १७६६ मध्ये सासरे गेले आणि १७६७ मध्ये पुत्र मालेराव गेला. कारभार हाती आल्यावर त्यांनी साठलेल्या द्रव्यावर तुळशीपत्र ठेवून ते धर्मकार्यास अर्पण केले, असे परंपरा सांगते. तुळशीपत्र ठेवणे म्हणजे त्या वस्तूवरचा आपला हक्क सोडणे. वक्फच्या कल्पनेशी परिचित असलेल्या वाचकाला हे साम्य चटकन जाणवेल. वक्फ या शब्दाचा मूळ अर्थच अडवून ठेवणे, थांबवणे असा आहे. मालमत्ता विक्री, बक्षीस आणि वारसा या तिन्ही वाटांवर थांबते आणि तिचे उत्पन्न मात्र ठरलेल्या कामासाठी वाहत राहते. देणाऱ्याची मन्शा काय होती, हा प्रश्न तेथे सर्वांत वरचा मानला जातो. शेजारच्या भोपाळच्या बेगमांनी मक्का-मदिनेत हाजींसाठी रुबात बांधून त्यांचा खर्च आपल्या संस्थानातून चालवला. अहिल्याबाईंनी काशी, गया, सोमनाथ, हरिद्वार येथील वास्तूंचा खर्च महेश्वरातून चालवला. दोघींचे धर्म वेगळे असले, तरी दूरदेशी थकून आलेल्या वाटसरूची काळजी घरातल्या मिळकतीतून घेण्याची रीत एकच होती.

काशी विश्वेश्वराचे १७८० चे मंदिर, सोमनाथचे १७८३ चे मंदिर, गयेचे विष्णुपद यांबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे आणि आजही लिहिले जाते. दगडी काम टिकते म्हणून त्याची आठवणही टिकते. रोज शिजणाऱ्या अन्नाचा मात्र शिलालेख कोरला जात नाही. त्या बाजूची माहिती मिळते ती एका परक्या माणसाकडून. जॉन माल्कम हा कंपनी सरकारचा अधिकारी. २१ डिसेंबर १८१७ रोजी महिदपूरच्या लढाईत तो होळकरांच्या विरुद्ध लढला होता. पुढे माळव्याचा कारभार पाहताना त्याने अहिल्याबाईंच्या पदरी काम केलेल्या वृद्ध कारकुनांना गाठले आणि १८२३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्यांच्या आठवणी नोंदवल्या. तो भारावून गेला होता, हे खरे; म्हणून त्याची प्रत्येक ओळ जशीच्या तशी स्वीकारू नये. परंतु शत्रुपक्षातील माणसाने इतक्या बारकाईने दिलेला तपशील सहसा मिळत नाही.

माल्कमच्या सांगण्यानुसार महेश्वरी रोज गोरगरिबांना अन्न दिले जाई. सणावारी सर्वांत खालच्या थरातील लोकांसाठी वेगळ्या पंगती होत. उन्हाळ्यात रस्त्यांवर पाणपोया असत आणि थंडीच्या तोंडी आश्रितांना व अपंग-दुर्बलांना कपडे वाटले जात. औत धरलेल्या बैलांना मध्येच थांबवून पाणी पाजण्यासाठी माणसे नेमली होती. कुणब्यांनी पिकांवरून हाकललेल्या पाखरांना चरता यावे म्हणून उभी शेते विकत घेतली जात. हा शेवटचा तपशील वाचून पुष्कळांना हसू येते. परंतु सर्वांनी हुसकावलेल्या जिवाला उतरायला कोठेतरी जागा हवी, हाच विचार वरच्या सर्व खर्चामागे दिसतो. त्यांच्या दीर्घायुष्यासाठी हिंदूंबरोबर मुसलमानही दुआ मागत आणि निजाम व टिपू सुलतान यांनाही त्यांच्याविषयी आदर होता, हेही माल्कमनेच नोंदवले आहे.

येथे अन्नछत्र आणि सदावर्त यांतील फरक सांगणे आवश्यक आहे. अन्नछत्रात शिजवलेले अन्न पंगतीत वाढतात. त्यामुळे कोणाच्या हातचे व कोणाच्या शेजारी हा जातीचा प्रश्न तेथे उभा राहतो. तीर्थक्षेत्रांतील कित्येक अन्नछत्रे प्रत्यक्षात ब्राह्मणांपुरती होती, हे नाकारण्यात अर्थ नाही. सदावर्तात पीठ, डाळ, तूप, मीठ असा कोरडा शिधा मिळतो. तो घेऊन ज्याने त्याने आपली चूल मांडावी. जातिबद्ध समाजात अधिकाधिक लोकांपर्यंत पोहोचण्याची ही व्यवहार्य युक्ती होती. मात्र तिने जातीची भिंत पाडली नाही. ती भिंत तशीच ठेवून शिधा पलीकडे पोहोचवला, एवढेच म्हणता येईल.

शिक्षा भोगलेल्या किंवा शिक्षेस पात्र ठरलेल्या माणसांबाबतचे धोरण त्याहून महत्त्वाचे आहे. नर्मदेच्या दोन्ही अंगांच्या डोंगरांतील भिल्ल टोळ्या वाटसरूंना लुटत. आरंभी सामोपचार झाला. तो फसल्यावर सराईत लुटारूंना पकडून देहदंडही देण्यात आला. ‘पुण्यश्लोक’ प्रतिमेत हा भाग सहसा गाळला जातो. परंतु धोरण तेथे थांबले नाही. डोंगरातून जाणाऱ्या मालावर ‘भिल्लकवडी’ नावाची लहानशी पट्टी घेण्याचा त्यांचा जुना हक्क मान्य करण्यात आला आणि पडीक जमिनी देण्यात आल्या. मोबदल्यात त्या त्या हद्दीतील रस्त्याची राखण आणि चोरीचा माल शोधून देण्याची जबाबदारी त्यांच्यावर टाकली गेली. कालचा वाटमाऱ्या आज वाटेचा राखणदार झाला. सुमारे शंभर वर्षांनी, १८७१ मध्ये, इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा करून माणसाला जन्मानेच गुन्हेगार ठरवले. या दोन दृष्टींतील अंतर वर्गात शिकवण्याजोगे आहे.

अहिल्याबाईंवर टीका झाली नाही असे नाही. इतका पैसा देवळांवर आणि ब्राह्मणांवर कशाला, फौज का वाढवली नाही, हा आक्षेप जुनाच आहे. माल्कमनेही तो एका जाणकारापुढे ठेवला. दुप्पट पैसा फौजेवर घालूनही राज्य इतके सुरक्षित राहिले नसते, असे त्याला उत्तर मिळाले. उत्तर चतुर आहे, पण अपुरे आहे. अहिल्याबाई १३ ऑगस्ट १७९५ रोजी निवर्तल्या आणि काही वर्षांतच माळवा लुटालुटीत सापडला. दानाने मिळवलेला आदर वारसाहक्काने पुढे जात नाही, एवढे त्यावरून निश्चित दिसते.

मंदसोरच्या तहानंतर (जानेवारी १८१८) राजधानी इंदूरला आली आणि खासगी हे संस्थानच्या कारभारातील एक खाते बनले. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावरील ‘छप्पन्नच्या’ दुष्काळात (१८९९-१९००) अनाथ मुलांना आसरा देण्याचे काम इंदूर परिसरात कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मिशननेही केले. म्हणजे तोवर या क्षेत्रात दुसऱ्या धर्माच्या संस्थाही उतरल्या होत्या.

१९४८ मध्ये होळकर संस्थान मध्य भारतात विलीन झाले. त्या वेळी खासगीची मिळकत सरकारजमा झाली आणि तिच्या बदल्यात धर्मादायासाठी दरवर्षी २,९१,९५२ रुपये कायमचे बाजूला काढण्याचे ठरले. १७३४ च्या उत्पन्नाशी हा आकडा जवळपास जुळतो, ही गोष्ट चमत्कारिक वाटते. दोन शतकांत रुपया किती झिजला होता, हे मात्र तो आकडा सांगत नाही. १९६२ मध्ये खासगी देवी अहिल्याबाई होळकर चॅरिटीज ट्रस्ट स्थापन झाला. पुढे हरिद्वारच्या कुशावर्त घाटासह काही मालमत्तांच्या विक्रीवरून वाद निर्माण झाला. ५ ऑक्टोबर २०२० रोजी उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठाने मालमत्ता शासनाच्या असल्याचा निर्णय दिला. २१ जुलै २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा सार्वजनिक न्यास असून त्याने १९५१ च्या मध्य प्रदेश सार्वजनिक न्यास कायद्याखाली नोंदणी करावी, तसेच झालेल्या विक्रीव्यवहारांची त्या कायद्यानुसार चौकशी व्हावी, असे सांगितले. मंदिरे, घाट, धर्मशाळा, छत्र्या, बागा मिळून २४६ मालमत्ता या वादाच्या केंद्रस्थानी होत्या. वक्फच्या जमिनींबाबत देशभर जे घडत आले, त्याहून ही कथा फार निराळी नाही. मुतवल्ली असो वा विश्वस्त, कज्जा जमिनीचा होतो. ज्याच्या भुकेसाठी ती जमीन दिली, तो पक्षकार म्हणून न्यायालयात कधी उभा राहत नाही.

त्या भुकेल्या माणसाकडे कायदा दुसऱ्याच नजरेने पाहू लागला होता. मुंबई राज्याचा भिक्षाप्रतिबंधक कायदा १९५९ चा. त्यात पहिल्या खेपेस एक ते तीन वर्षे आणि पुढे दहा वर्षांपर्यंत स्थानबद्धतेची तरतूद आहे. मध्य प्रदेशाने आपला भिक्षावृत्ती निवारण कायदा १९७३ मध्ये केला. कुष्ठरोगी, आंधळा, हातपाय गमावलेला बेघर मनुष्य अशा रीतीने कैदी ठरू शकतो आणि सुटल्यावर पुन्हा त्याच फुटपाथवर येतो. दिल्ली उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१८ मध्ये मुंबईच्या कायद्यातील भिक्षेला गुन्हा ठरवणारी कलमे दिल्लीपुरती रद्द केली. कुरआनात जकातीचे आठ हक्कदार सांगितले आहेत. त्यांत फकीर व मिस्कीन यांच्यासोबत बंधनात अडकलेल्यांची सुटका, कर्जबाजारी आणि वाटसरूही आहेत. गरीब, यतीम आणि कैदी यांना जेवू घालण्याचा उल्लेख तर एकाच आयतीत आहे. भूक, निराधारपणा आणि कैद एकमेकांपासून फार दूर नसतात, हे तेथे गृहीतच धरलेले आहे.

२०१७ पासून देशातील सर्वांत स्वच्छ शहर म्हणून इंदूरचा सतत गौरव होत आला आहे. २९ जानेवारी २०२१ रोजी, ऐन थंडीत, महापालिकेच्या गाडीतून काही वृद्ध बेघरांना शहराबाहेर क्षिप्रा गावाजवळ हमरस्त्याच्या कडेला उतरवण्यात आले. गावकऱ्यांनी हरकत घेतली आणि चित्रीकरण केले, तेव्हा त्यांना परत गाडीत बसवून नेले गेले. एका उपायुक्तास निलंबित व्हावे लागले आणि काही कर्मचारी बडतर्फ झाले. त्यानंतर भिक्षेकऱ्यांच्या पुनर्वसनाची मोहीम सुरू झाली. मुलांना शाळेत घालण्यात आले आणि अनेकांना उज्जैनजवळच्या अंबोदिया येथील सेवाधाम आश्रमात पाठवण्यात आले. १९८९ पासून बेघर, अपंग आणि टाकून दिलेल्या माणसांना सांभाळणारा हा आश्रम आहे. मोहिमेत चांगले काहीच नव्हते, असे म्हणणे अन्यायाचे होईल. मात्र १ जानेवारी २०२५ पासून जिल्हा प्रशासनाने भीक मागण्याबरोबर भीक देणेही गुन्हा ठरवले आणि माहिती देणाऱ्यास एक हजार रुपयांचे बक्षीस जाहीर केले. त्याच महिन्यात इंदूरच्या भंवरकुआ पोलिसांनी एका अज्ञात वाहनचालकावर गुन्हा नोंदवला. त्याने खंडवा रस्त्यावरील एका मंदिरासमोर बसलेल्या भिक्षेकऱ्याच्या हातावर दहा रुपये ठेवले होते.