माशाचे दुखणे आणि मोरचूद

गोठ्यातल्या गोचिडाची ओळख शेतकरी मंडळींना करून द्यायला नको. गाईच्या कासेला नाहीतर कानाच्या पाळीला तो डसून बसतो, रक्त पिऊन टरारून फुगतो आणि पोट भरले की आपोआप गळून पडतो. पडला म्हणजे त्रास संपला, असे मात्र नाही. मादी भिंतीच्या भेगेत शिरून हजारो अंडी घालते आणि काही दिवसांनी नवी पिलावळ जनावराच्या अंगावर चढायला तयार होते. म्हणून जाणता शेतकरी नुसते गाईला औषध लावून थांबत नाही, तो गोठ्याच्या भेगाही बुजवतो.

आजचा आपला विषय वरवर पाहता गोठ्यापासून फार लांबचा आहे. काचेच्या टाकीत, समुद्राच्या पाण्यात ठेवलेल्या माशांना परोपजीवी जंतूंचे रोग होतात. त्या रोगांवरचा इलाज माणसाला कसा सापडला, त्याचा इतिहास मी तुम्हाला सांगणार आहे. पण गोचिडाची ही गोष्ट ध्यानात असू द्या. म्हणजे पुढचे सारे सहज उमगेल.

गोड्या पाण्यातले मासे हौसेने पाळण्याचा नाद फार जुना. चीनमध्ये सोनमासे शेकडो वर्षांपासून पाळले जात आहेत. समुद्राचा मासा काचेआड जगवणे ही मात्र त्यामानाने अलीकडची गोष्ट. १८५० साली लंडनच्या रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनतज्ज्ञाने दाखवून दिले, की पाण्यातल्या वनस्पती आणि प्राणी यांचा मेळ बसला तर बंद भांड्यातले पाणी बराच काळ चांगले राहते. फिलिप हेन्री गॉस या निसर्गअभ्यासकाने समुद्राच्या पाण्यावर असेच प्रयोग केले. १८५३ साली लंडनच्या रीजंट्स पार्कमधील प्राणिसंग्रहालयात लोकांना पाहण्यासाठी मत्स्यगृह उघडले आणि पुढच्याच वर्षी गॉस यांचे ‘दि अक्वेरियम’ हे पुस्तक निघाले. मग काय विचारता, इंग्लंडात घरोघरी काचेच्या टाक्यांचे वेडच लागले! पुढे मोठमोठ्या शहरांनी मत्स्यालये बांधली. न्यूयॉर्कचे मत्स्यालय १८९६ साली बंदराकाठच्या एका जुन्या वाटोळ्या किल्ल्यात सुरू झाले. आपल्या मुंबईत मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय उघडले ते १९५१ साली. शाळेच्या सहलीबरोबर तिथे जाऊन आलेले तुमच्यापैकी पुष्कळ असतील.

आता या टाक्यांत झाले काय ते पाहा. समुद्रातल्या माशाच्या अंगावर परोपजीवी असतातच. पण समुद्र अफाट. जंतूची पिले पाण्यात सुटली, की त्यांतली बहुतेक मासा न सापडताच मरून जातात. एखाददुसरे माशाला चिकटते आणि मासाही ते सहज सोसतो. टाकीला मात्र चार भिंती आहेत. सुटलेल्या पिलांना हाताशी तेच मासे, पुन्हापुन्हा. आज दहा जंतू असले, तर आठवड्याने हजार आणि पंधरवड्याने सारी टाकी रिकामी! जो जंतू समुद्रात माशाचा नुसता सोबती होता, तो माणसाने बांधलेल्या भिंतीमुळे काळ होऊन बसला. मत्स्यालयांच्या चालकांना हे कोडे बराच काळ उलगडले नव्हते. मासे धडधाकट येत आणि काही दिवसांत कल्ले फडफडवत, अंग खडकाला घाशीत मरून जात.

कोड्याचे पहिले धागे हाती लागले ते न्यूयॉर्कला. तिथल्या माशांच्या अंगावर एक चपटा, जवळजवळ पारदर्शक कृमी सापडे. तो माशाच्या डोळ्यावरसुद्धा बसे आणि मासा आंधळा होई. १९२७ साली मॅक्कॅलम यांनी त्याचे शास्त्रीय वर्णन केले आणि मत्स्यालयात काम करणाऱ्या आयडा मेलन या विदुषींवरून त्याचे नाव ठेवले. १९३२ साली या कृमीचे जीवनचक्र प्रसिद्ध झाले. त्याच्या अंड्यांना बारीक धागे असतात, ते जाळ्यांत नि दगडांत अडकतात आणि तिथून पोहणारी पिले बाहेर पडतात. गोचिडाची आठवण झाली ना? आणखी एक गोष्ट निग्रेली आणि ब्रेडर यांनी १९३४ साली नोंदवली. या दुखण्यातून जे मासे वाचत, त्यांच्यापैकी काहींच्या अंगी त्याला तोंड देण्याची शक्ती येई. देवी येऊन गेलेल्या माणसाला त्या पुन्हा सहसा येत नसत, त्यातलाच हा प्रकार. या कृमीवर एक साधा उपायही लागू पडतो. मासा काही मिनिटे गोड्या पाण्यात धरला, तर तो तेवढा वेळ निभावतो, पण कृमीच्या अंगात पाणी शिरून त्याची पकड सुटते.

मासे झपाट्याने मारणारा दुसरा वैरी मात्र डोळ्यांना दिसत नव्हता. १९३१ साली ई. एम. ब्राऊन या संशोधकांनी लंडनच्या प्राणिसंग्रहालयातील माशांच्या कल्ल्यांवर एक एकपेशीय जीव ओळखला. त्याला आज अमायलूडिनियम म्हणतात. अंधाऱ्या रात्री होडीच्या वल्ह्याबरोबर समुद्राचे पाणी चकाकते, ते ज्या सूक्ष्म जिवांमुळे, त्यांच्याच कुळातला हा. माशाच्या अंगावर याची बारीक, सोनेरी धुळीसारखी पूड दिसते, म्हणून लोक या रोगाला मखमली रोग म्हणू लागले. न्यूयॉर्कच्या निग्रेलींनी १९३६ साली त्याची सारी जीवनकथा मांडली. हा जीव कल्ल्यात मुळे रोवल्यासारखा बसतो आणि तिथेच पोसतो. मग गळून तळाशी जातो आणि स्वतःभोवती कवच करून घेतो. कवचाच्या आत एकाचे दोन, दोनाचे चार, असे करत २५६ पर्यंत पिले होतात, आणि कवच फुटले की ती पोहत माशाच्या शोधात निघतात.

तिसरा वैरी पांढऱ्या ठिपक्यांचा. गोड्या पाण्यातल्या माशांवर मिठाचे दाणे पेरावेत तसे ठिपके उठतात. त्या जंतूला १८७६ साली फूके या फ्रेंच संशोधकांनी जे नाव दिले, त्यातच ‘पुष्कळ लेकरांचा’ असा अर्थ आहे. समुद्राच्या माशांवरच्या अशाच ठिपक्यांविषयी जपानच्या सिकामा यांनी १९३७ आणि १९३८ साली लिहिले. १९५१ साली, म्हणजे आपले तारापोरवाला मत्स्यालय उघडले त्याच वर्षी, लंडनला ब्राऊन यांनी त्या जंतूचे क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स असे नाव ठेवले. त्याचीही तीच तऱ्हा. तीन ते सात दिवस माशाच्या कातडीखाली बसून खाणे, मग गळून पडणे, कवच करणे आणि शेवटी शेकडो पिलांनी बाहेर येणे.

वैरी ओळखीचे झाले, आता शस्त्र हवे होते. हे शस्त्र नाशिकच्या द्राक्षबागायतदाराच्या आणि कोकणातल्या सुपारीवाल्याच्या घरी पूर्वीपासून आहे. ते म्हणजे मोरचूद! फ्रान्समधील बोर्दो भागात द्राक्षवेलींच्या केवड्यावर मोरचूद नि चुना यांचे मिश्रण लागू पडते, हे मिलार्दे यांनी १८८५ साली जाहीर केले. तेच आपले बोर्डो मिश्रण. मोरचुदातले तांबे सूक्ष्म जिवांना मारते. सॅन फ्रान्सिस्कोच्या स्टाइनहार्ट मत्स्यालयातील रॉबर्ट डेम्पस्टर यांनी १९५५ साली मखमली रोगावर मोरचुदाचा उपयोग शास्त्रशुद्ध रीतीने प्रसिद्ध केला आणि मत्स्यालयांना पहिल्यांदाच भरवशाचे औषध मिळाले.

पण गंमत इथेच आहे. तांबे माशाच्या कल्ल्यात रुतलेल्या जंतूला मारत नाही. कवचात दडलेल्यालाही मारत नाही. ते मारते फक्त उघड्या पाण्यात पोहणाऱ्या पिलाला. त्याच्या साऱ्या आयुष्यात एवढीच एक घडी अशी, की तो सापडतो. म्हणून आज औषध टाकले आणि उद्या ठिपके गेले, एवढ्याने भागत नाही. ठिपके गेले म्हणजे पुष्कळदा जंतू नुसते खाली उतरलेले असतात. शेवटचे कवच फुटेपर्यंत पाण्यात तांबे टिकले पाहिजे आणि त्याला तीन आठवडे, कधी त्याहूनही अधिक लागतात.

आणि मात्रा किती? एका लिटर पाण्यात ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम तांबे. म्हणजे हजार लिटरला तांबे एक पंचमांश ग्रॅमसुद्धा पुरे. याहून कमी झाले तर जंतू जगतो आणि फार चढले तर मासाच जातो. त्यात आणखी एक अडचण. चुना मिसळला की मोरचुदाचे स्वच्छ पाणी गढूळ निळे होते, हे तुम्ही पाहिले आहे. तांब्याचा अंश विरघळलेला न राहता बाहेर पडतो, म्हणून असे होते. टाकीतले शंख-शिंपले आणि पोवळ्याचे दगड हेही चुन्याच्याच जातीचे. ते तांबे ओढून घेतात आणि सकाळी बरोबर असलेली मात्रा संध्याकाळी उतरते. शिवाय पोवळी, समुद्रफुले, खेकडे यांना तांबे सोसतच नाही. म्हणून आजारी माशांसाठी दगडगोटे नसलेली वेगळी टाकी करायची आणि पाणी रोज तपासायचे, ही शिस्त पडली. पुढे १९८० नंतरच्या दशकात हिवतापावरचे क्लोरोक्वीन हे औषधही मखमली रोगावर वापरात आले. पण त्याचाही घाव पोहणाऱ्या पिलांवरच बसतो.

पांढऱ्या ठिपक्यांची पुढची कथा तांबड्या समुद्राच्या टोकाशी, इस्रायलमधील एलात गावी घडली. तिथे समुद्रातले मासे पाळण्याचे संशोधन चालते. १९८५ साली अँजेलो कोलोर्नी यांनी दाखवले, की पाण्याचा खारेपणा बराच खाली आणला आणि हा उपाय ठरावीक दिवसांच्या अंतराने पुन्हा केला, तर जंतूंची कवचे निकामी होतात आणि मासा तगून राहतो. दुसरी युक्ती त्याहून सोपी. मासे दर तीन दिवसांनी स्वच्छ, कोरड्या केलेल्या टाकीत हलवायचे. असे चार वेळा केले, की अंगावरचे जंतू मागच्या टाक्यांत गळून राहतात आणि त्यांची पिले बाहेर पडायच्या आत मासे पुढे गेलेले असतात. औषध काहीच नाही, नुसता दिवसांचा हिशेब! मात्र मूळ टाकी तेवढा काळ माशांवाचून ठेवावी लागते. कारण काही कवचे तीन दिवसांत फुटतात, तर काही महिन्या-दोन महिन्यांनी.

तुम्ही म्हणाल, हे सारे शहरातल्या हौशी लोकांचे झाले, आम्हाला त्याचे काय? तर बघा, कोकणच्या खाड्यांत आता पिंजऱ्यांमध्ये जिताडा पाळतात. पिंजराही एक प्रकारची टाकीच. दाटीवाटीने मासे, खाली गाळ आणि पाणी संथ असले, की तळाशी पडलेल्या कवचांतून निघालेल्या पिलांना वर मासे हाताशीच मिळतात. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग जिताड्यालाही होतो. खाडीचे पाणी मचूळ आहे, तेव्हा भिण्याचे कारण नाही, असे समजून गाफील राहू नका. फार कमी खारेपणातही तगणारा याच जंतूचा वाण तैवानमध्ये आढळल्याचे २००३ साली प्रसिद्ध झाले आहे. पिंजरा खोल आणि वाहत्या पाण्यात ठेवणे, मासे विरळ ठेवणे, जाळी वेळच्या वेळी बदलणे, यांतच खरा बचाव आहे. मोरचूद खाडीत ओतायचा मोह तर चुकूनही धरू नये. तिथे मात्रा राखता येत नाही आणि कोळंबी-कालवांचा नाश मात्र होतो.

शिक्षक मंडळींना एक विनंती. शाळेत लहानशी टाकी असेल, मग ती गोड्या पाण्याची का असेना, तर नवीन आणलेला मासा लगेच आत सोडू नका. तो महिनाभर वेगळा ठेवा आणि मुलांकडून रोज नोंद करून घ्या. श्वास किती वेगाने चालतो, अंग घासतो का, ठिपके दिसतात का. लंडन-न्यूयॉर्कच्या माणसांनी आरंभ केला तो अशा नोंदींनीच. जंतू माशावर केव्हा असतो, तळाशी केव्हा आणि मोकळ्या पाण्यात केव्हा, हे त्यांना कळले, तेव्हा कुठे औषधाला गुण आला. आणि गावातल्या मुलांना हा धडा शिकवायला टाकीच हवी असेही नाही. त्यांना गोठ्यात न्या, भिंतीची भेग दाखवा आणि तिथून सुरुवात करा.