खांद्यावरून आलेल्या मोटारी

व्होल्कमार वेन्ट्झेल ह्या छायाचित्रकाराने नेपाळात टिपलेले एक चित्र आपल्यापैकी काहींच्या पाहण्यात आले असेल. लांबलांब बांबूंवर एक आख्खी मोटार ठेवलेली आहे आणि पुष्कळशी माणसे तिला खांद्यांवर घेऊन डोंगराळ मुलखातून चालली आहेत. प्रथम हसू येते. मोटारीने माणसे वाहावयाची, की माणसांनी मोटार? परंतु १९५० पर्यंत काठमांडूच्या राणा पंतप्रधानांकडे व राजवाड्यात ज्या उंची विलायती मोटारी दिसत, त्या ह्याच रीतीने तेथे पोहोचलेल्या होत्या.

मोटार रक्सौलपर्यंत आपल्या रेल्वेने येई. १९२७ पासून पुढे अमलेखगंजपर्यंत नेपाळ सरकारची अरुंद मापाची रेल्वे होती. तेथून चुरियाच्या बोगद्यातून भीमफेदीपर्यंत ती आपल्या चाकांवर धावू शके. भीमफेदीस रस्ता संपत असे. समोर सिसागढीची उभी चढण, पलीकडे कुलेखानीचे खोरे, मग चितलांग गाव आणि त्यानंतर सात हजार फुटांहून उंच असलेली चंद्रागिरीची खिंड. ती उतरले की थानकोट आणि काठमांडूचे खोरे. सारे अंतर वीस मैलांच्या आत. पण ती पायवाट होती.

मोटारीची चाके काढून ठेवीत आणि तिचा सांगाडा बांबूंच्या चौकटीला आवळून बांधीत. मोठ्या गाडीला साठाच्या आसपास माणसे लागत. ह्या कामात चितलांगची माणसे विशेष वाकबगार समजली जात. एवढ्या माणसांची पावले एकदम पडली नाहीत तर ओझे डोलू लागते, म्हणून तालावर हाळी घालीत व गात चालावे लागे. चढणीवर भार मागच्यांच्या अंगावर येतो, उतारावर पुढच्यांच्या. आणि उतार हा चढणीपेक्षा अधिक घातक, कारण एकाचा पाय निसटला की सारे वजन खालच्या ओळीवर कोसळावयाचे. वळणावर तर चौकट वाटेपेक्षा रुंद ठरे. अशा वेळी कडेच्या माणसाने पाय कोठे ठेवावा? असे दिवसामागून दिवस चालून गाडी थानकोटास उतरवीत, चाके चढवीत आणि मग ती राजधानीतल्या मोजक्या मैलांच्या रस्त्यांवर मिरवू लागे.

सरकारी नोकरीत मौल्यवान मालाच्या रवानगीचे कागद माझ्या हातांखालून बरेच गेले आहेत. त्यांत मालाची किंमत, नुकसानीची जबाबदारी, पोहोच असे सगळे रकाने असतात. वाहणाऱ्याचे काय झाले ह्याचा रकाना मी अद्याप पाहिलेला नाही. ह्या मोटारींविषयीही तसेच झाले आहे. गाडी कोणत्या कारखान्याची, कोणी कोणाला भेट दिली, ह्यांच्या कथा काठमांडूत आवडीने सांगतात. एका मर्सिडीझचा संबंध तर थेट हिटलरशी जोडतात. चौकटीखालच्या साठांची नावे त्या कथांत येत नाहीत.

आपण महाराष्ट्रीयांनी मात्र ह्या प्रकाराला परका म्हणू नये. बोरघाटात मोठा रस्ता होण्यापूर्वी, म्हणजे १८३० च्या आधी, साहेबलोकांच्या चारचाकी गाड्या मोडू नयेत म्हणून खांबांना टांगून हमालच वर-खाली नेत असत. त्या वर्षी गव्हर्नर माल्कम ह्यांनी घाटरस्ता खुला केला आणि ती रीत संपली. नेपाळात ती त्यानंतर शंभराहून अधिक वर्षे चालू राहिली.

रस्ता बांधता येत नव्हता काय? ज्या राज्याने चुरियाचा बोगदा खोदला, रेल्वे आणली, धोर्सिंगहून मातातीर्थापर्यंत डोंगरांवरून मालासाठी तारेचा झुला टांगला, त्याला हे अशक्य होते असे मला वाटत नाही. खरे कारण निराळे होते. दुर्गम वाट हाच त्या राज्याचा तट होता. १७६७ मध्ये कॅप्टन किनलॉकची इंग्रजी फौज सिंधुलीजवळ मार खाऊन परतली, ती स्मृती पुसली गेली नव्हती. शत्रूच्या तोफेला जो रस्ता द्यावयाचा नाही, तो स्वतःच्या मोटारीलाही मिळत नाही. शिवाय खांदे मुबलक होते व स्वस्त होते. तटाची किंमत राज्यकर्त्यांनी ठरविली आणि ती चितलांगच्या माणसांनी चुकविली, असे माझे स्पष्ट मत आहे.

१९५१ मध्ये राणांची सत्ता गेली. पुढे भारतीय सैन्याच्या अभियंत्यांनी १९५३ मध्ये रस्त्याचे काम हाती घेतले. त्या आरंभीच्या काळात काठमांडूत आपले राजदूत होते बी. के. गोखले, आडनाव ऐकताच श्रोत्यांचे कान टवकारतील. १९५६ मध्ये त्रिभुवन राजपथ पुरा झाला आणि मोटारी आपल्या चाकांवर राजधानीत येऊ लागल्या.

हा राजपथ जुन्या वाटेने मात्र गेला नाही. चंद्रागिरीची खिंड टाळून तो पश्चिमेकडून, दामनच्या बाजूने, २,४८८ मीटर उंचीच्या सिमभंज्यांगवरून वळसा घेतो. जुन्या वाटेवरची वर्दळ ओसरली. चितलांग त्या वाटेवर होते.