बांधीतली घरं



आमच्या गोंदियात हल्ली दोन ओळखीची माणसं भेटली की "धान कसं आहे?" याच्या आधी "तिकडं प्लॉटचा काय भाव चालू आहे?" हे विचारलं जातं. शहर वाढतं आहे, त्यात वावगं काही नाही. पण मी जन्मभर पोरांना इतिहास-भूगोल शिकवला, त्यामुळे माझ्या मनात भलताच प्रश्न येतो. जागा विकताना कागदावर काय लिहायचं राहून जातं?

थोडं मागं जाऊ. गोंदिया हे रेल्वेनं वाढवलेलं गाव. नागपूर-राजनांदगाव मीटरगेज लाइन 1880 च्या दशकात आली. 1887 साली स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेनं ती घेतली आणि ब्रॉडगेज केली. 1903 मध्ये नैनपूरची छोटी लाइन निघाली आणि गोंदिया जंक्शन झालं. धान, तेंदूपत्ता, बिडी यांचा व्यापार वाढला, बाहेरून व्यापारी आले, नोकरदार आले. त्यांना घरं हवी होती. घराची खरेदी-विक्री रुळली ती या बाजारपेठेत.

खेड्यात मात्र चाल वेगळी होती. तिथं मालगुजारी. कास्तकाराला आबादीत घरापुरती जागा मिळे, बाप गेला की मुलगा राही. घर विकायची वस्तू आहे हे फारसं कुणाच्या मनात येत नसे. मालगुजारी 1951 साली संपली. गावावरचे हक्क सरकारकडे गेले, बहुतेक तलावही गेले. त्यांनाच आपण आज 'मामा तलाव' म्हणतो, म्हणजे माजी मालगुजारी तलाव!

मग 1 मे 1999 उजाडला. भंडाऱ्यातून वेगळा होऊन गोंदिया जिल्हा झाला. कचेऱ्या आल्या, कर्मचारी आले, 2016 मध्ये सरकारी मेडिकल कॉलेज सुरू झालं. गावाबाहेरच्या धानाच्या बांधीत सिमेंटचे खांब उभे राहिले आणि 'ले-आऊट पडला' हे शब्द घरोघरी ऐकू येऊ लागले. काल ज्या जमिनीचा हिशेब एकरात होता, तिचा आज चौरस फुटात होऊ लागला.

इथंच माझा मुद्दा येतो. बांधी म्हणजे नुसती जमीन नव्हे, ती पाणी धरून ठेवायची जागा. वरच्या बांधीत पाणी जास्त झालं की धुरा फोडून खालच्या बांधीत सोडायचं, तिथून पुढं नाल्यात किंवा बोडीत. हे सगळे शेजारी पिढ्यान्‌पिढ्या पाळत आले. त्या उतारावर भराव टाकून घर बांधलं म्हणजे पाणी उतार विसरत नाही. ते शेजाऱ्याच्या अंगणात जातं, नाहीतर आपल्याच जोत्याशी थांबतं. मग श्रावणात भांडणं सुरू होतात.

कागद काय सांगतात? 1908 च्या नोंदणी कायद्यानं 100 रुपये आणि त्यावरच्या स्थावराच्या विक्रीला रजिस्ट्री लागते. रजिस्ट्रीत मालक, क्षेत्रफळ आणि चतुःसीमा येतात. अकृषक परवानगी न घेता पाडलेल्या प्लॉटांसाठी 2001 साली गुंठेवारी कायदा आला. त्याची मुदत आधी 1 जानेवारी 2001 पर्यंतच्या प्लॉटांची होती, 2021 मध्ये ती 31 डिसेंबर 2020 पर्यंत नेली. 2017 पासून रेरा आला, तो मोठ्या ले-आऊटलाही लागू आहे. सगळं चांगलंच. पण या कागदांचा भर मालकी आणि परवानगीवर. पाणी कुठून कुठं जात होतं, हे त्यात सहसा सापडत नाही.

गंमत अशी की जुन्या कागदांत त्याला जागा होती. आपल्या विदर्भात 'वाजिब-उल-अर्ज' नावाचा दस्त असतो. पाण्याचा हक्क, जायची वाट, मासेमारी अशा गावच्या रूढी त्यात लिहिलेल्या असतात. 1966 च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेनंही विदर्भापुरती ही तरतूद ठेवली आहे. तलाठ्याकडे जाऊन किती खरेदीदार ती मागतात?

आपल्या घरातही सध्या वडिलोपार्जित बांधी विकायची बोलणी चालली आहेत, हे नातलगांना ठाऊक आहेच. विकू नका असं मी म्हणणार नाही. पुण्या-नागपुरात राहणाऱ्यांनी ती कसायची कशी? कुणाला मुलीचं शिक्षण आहे, कुणाला कर्ज आहे. त्यांची अडचण खरी आहे. माझी मागणी एवढीच की सौदा ठरण्याआधी एकदा पावसात सगळ्यांनी शेतावर यावं. पाणी जिथून वाहतं ती पट्टी मोजून नकाशात मोकळी दाखवावी आणि विक्रीपत्रात तिचा स्पष्ट उल्लेख करावा. भाव थोडा कमी येईल. येऊ द्या! खालच्या बांधीवाल्याशी आपले तीन पिढ्यांचे संबंध आहेत, आणि वर घर बांधणारा नवा माणूसही कर्ज काढूनच येणार आहे. त्याच्या घरात पाणी शिरलं तर तो नाव आपलंच घेईल.

असो. तुमच्या गावी बांधीतल्या जास्तीच्या पाण्याच्या वाटेला काय म्हणतात? जरूर कळवा. असे शब्दही जमिनीबरोबर विकले जातात.