पहिला कॅमेरा : कंपनीआधी माउंट पाहावा

मोबाईलवरील छायाचित्रांनी समाधान न झालेला आणि छायाचित्रण नीट शिकू पाहणारा नवोदित दुकानात शिरताच पहिला प्रश्न विचारतो तो ‘कोणत्या कंपनीचा कॅमेरा घ्यावा?’ हा. उत्तरेही ठरलेली असतात. ज्याच्याकडे जो कॅमेरा, त्याला तोच सर्वोत्तम वाटतो. प्रत्यक्षात आज प्रमुख कंपन्यांच्या समान किमतीच्या कॅमेऱ्यांतून मिळणाऱ्या प्रतिमांच्या दर्जात नवोदिताला जाणवेल असा फरक क्वचितच असतो. निकॉनसारखी प्रतिस्पर्धी कंपनीही आपल्या अनेक कॅमेऱ्यांसाठी सोनीने निर्मिलेले सेन्सर वापरते. खरा फरक पडतो तो माउंटमुळे, म्हणजेच लेन्स ज्या कड्यावर बसते त्या जोडणीमुळे.

माउंट म्हणजे बांधीलकी

बॉडी चार-पाच वर्षांत जुनी होते, चांगली लेन्स मात्र वीस-वीस वर्षे साथ देते. एका माउंटच्या दोन-तीन लेन्स जमल्या की दुसऱ्या कंपनीकडे वळणे महाग पडते. त्यामुळे पहिल्या खरेदीत माणूस कॅमेरा निवडतो असे वाटले, तरी वस्तुतः तो एक संपूर्ण प्रणाली निवडत असतो.

निकॉनचा एफ माउंट १९५९ सालचा, तर कॅननचा ईएफ १९८७ सालचा. आरशाच्या एसएलआर व पुढे डीएसएलआर कॅमेऱ्यांचा काळ या दोहोंनी गाजवला. २०१८ साली निकॉनने झेड आणि कॅननने आरएफ हे मिररलेस कॅमेऱ्यांचे माउंट आणले आणि दोन्ही कंपन्यांचा भर तिकडे वळला. सोनीने २००६ मध्ये कोनिका मिनोल्टाचा कॅमेरा व्यवसाय घेतला व २०१० मध्ये ई माउंट आणला. फुजीफिल्मचा एक्स माउंट २०१२ सालचा आहे. पॅनासॉनिक व ऑलिंपस यांनी २००८ मध्ये मायक्रो फोर थर्ड्स ही सामायिक प्रणाली उभारली. ऑलिंपसचा कॅमेरा विभाग २०२१ पासून ओएम डिजिटल सोल्युशन्स या स्वतंत्र कंपनीकडे आहे.

नाव मोठे असले म्हणून प्रणाली टिकतेच असे नाही. निकॉनने २०११ मध्ये आणलेली ‘निकॉन १’ मालिका २०१८ मध्ये थांबली. सॅमसंगने एनएक्स मालिका काही वर्षांतच गुंडाळली. कॅननचा ईएफ-एम माउंट २०१२ मध्ये आला आणि २०२३ मध्ये संपला. त्याच्या लेन्स नव्या आरएफ बॉडीवर अ‍ॅडॅप्टर लावूनही बसत नाहीत. अशा मालिकांतील कॅमेरे जुन्या बाजारात आकर्षक किमतीला दिसतात, परंतु पुढची लेन्स कोठून आणायची हा प्रश्न घेणाऱ्याच्या पदरी पडतो.

घरातील जुन्या लेन्स

वडिलांच्या किंवा काकांच्या कपाटात जुन्या लेन्स असतील तर निवडीवर त्यांचाही परिणाम व्हावा. कॅननच्या ईएफ लेन्स अ‍ॅडॅप्टरद्वारे आरएफ बॉडीवर ऑटोफोकससह चालतात. निकॉनच्या एएफ-एस लेन्सही एफटीझेड अ‍ॅडॅप्टरवर ऑटोफोकस देतात; मात्र त्याआधीच्या, स्वतःची मोटर नसलेल्या एएफ आणि एएफ-डी लेन्सचा फोकस हातानेच साधावा लागतो.

सेन्सर आणि विषय

फुल फ्रेम सेन्सर ३६ × २४ मिलिमीटरचा असतो. एपीएस-सी साधारण २३.५ × १५.६ मिलिमीटरचा (कॅननचा किंचित लहान), तर मायक्रो फोर थर्ड्सचा १७.३ × १३ मिलिमीटरचा असतो. क्षेत्रफळ मोठे तितका अंधूक प्रकाशात लाभ अधिक. पण बॉडी आणि विशेषतः लेन्स यांचे वजन व किंमतही त्याच प्रमाणात वाढते.

म्हणून विषय आधी ठरवावा. चोडणच्या पक्षी अभयारण्यात खंड्या टिपू पाहणाऱ्याला लहान सेन्सर सोयीचा ठरतो. ३०० मिलिमीटरची लेन्स एपीएस-सीवर ४५० ते ४८० आणि मायक्रो फोर थर्ड्सवर ६०० मिलिमीटरइतके दृश्य जवळ आणते. रात्री उशिरा रंगणारे जत्रेतील नाटक टिपायचे असेल, तर मोठ्या छिद्राची लेन्स हवी. कॅमेऱ्यासोबत येणारी किट लेन्स झूम केल्यावर बहुधा एफ/५.६ पर्यंतच उघडते. एफ/१.८ ची लेन्स तिच्या जवळजवळ दहापट प्रकाश आत घेते. हा लाभ महागडी बॉडी घेऊन मिळत नाही. म्हणून सगळे पैसे बॉडीवर न घालता एक साधी ५० किंवा ३५ मिलिमीटरची लेन्स, जादा बॅटरी व मेमरी कार्ड यांसाठी काही रक्कम राखून ठेवावी.

लेन्सची उपलब्धता हाही निकष आहे. सिग्मा, टॅमरॉन यांसारख्या इतर उत्पादकांच्या लेन्सचा सर्वांत मोठा पर्याय आज सोनीच्या ई माउंटला आहे. कॅननने आरएफ माउंट बराच काळ बंदिस्त ठेवला होता. २०२४ मध्ये या दोन कंपन्यांच्या एपीएस-सी लेन्सना परवानगी मिळाली.

पावसाळा आणि बुरशी

गोवा व कोकणपट्टीत कॅमेऱ्याचा मोठा शत्रू म्हणजे दमट हवा. जून ते सप्टेंबर कपाटात बंद राहिलेल्या लेन्सच्या काचेवर बुरशीचे कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू पसरतात. वेळीच लक्ष न दिल्यास काचेवरील लेप कायमचा खराब होतो आणि मग साफसफाईनेही लेन्स पूर्ववत होत नाही. यातून कोणत्याही कंपनीची लेन्स सुटलेली नाही. साधने चामड्याच्या किंवा कापडी पिशवीत न ठेवता सिलिका जेल घातलेल्या हवाबंद डब्यात ठेवावीत आणि जेल ओलसर झाले की बदलावे. शक्य असल्यास आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांवर राखणारी विजेची पेटी घ्यावी. कॅमेरा आठवड्यातून एकदा तरी बाहेर काढून वापरणे हाही साधा उपाय आहे.

जुना कॅमेरा घेताना

बजेट मर्यादित असल्यास जुना डीएसएलआर शिकण्यासाठी आजही उत्तम. शटर किती वेळा उघडला ते विचारावे. उदाहरणार्थ, निकॉन डी ३५०० च्या शटरची चाचणी १ लाख वेळांपर्यंत झालेली आहे. लेन्समधून विजेरीचा झोत टाकून बुरशी तपासावी. मूळ बिल पाहावे. नवा कॅमेरा घेतानाही देशातील अधिकृत वॉरंटी असल्याची खात्री करावी. परस्पर आयात केलेला स्वस्त माल दुरुस्तीच्या वेळी महाग पडू शकतो. जवळचे सर्व्हिस सेंटर पणजीत, बेळगावात की थेट मुंबईत, हेही आधीच विचारून घ्यावे.

शेवटचा निकष हाताचा. दुकानात दोन-तीन बॉडी प्रत्यक्ष धरून पाहाव्यात. पकड, बटणांची जागा, मेनूची मांडणी आणि वजन यांत कंपन्यांचा स्वभाव सर्वाधिक वेगळा आहे. निकॉनची लेन्स ज्या दिशेने फिरवून बसवतात, त्याच्या उलट दिशेने कॅननची बसते. विषय, लेन्स, दुरुस्तीची सोय आणि बजेट या चारही गोष्टी दोन कॅमेऱ्यांत सारख्याच ठरल्या, तर जो हातात सहज बसतो तोच घ्यावा. कारण जड वाटणारा कॅमेरा पुढे घरीच राहतो.