मुलुंडचे पाडे : दप्तराबाहेरील वस्तीचा इतिहास

ग्रामेतिहासाचा अभ्यासक साहजिकच प्रथम महसुली दप्तराकडे वळतो. परंतु दप्तराचा घटक ‘मौजे’ हा होय. गावाच्या पोटातील पाड्याचा हिशेब मूळ गावातच मिळविला जात असल्याने त्याची स्वतंत्र नोंद सहसा आढळत नाही. अशा वस्तीच्या बाबतीत स्थलनाम हेच इतिहासाचे पहिले, आणि पुष्कळदा एकमेव, साधन ठरते. साष्टीच्या पूर्व भागात वसलेले मुलुंड या दृष्टीने अभ्यसनीय आहे.

‘पाडा’ हा शब्द संस्कृत ‘पाटक’ म्हणजे ‘गावाचा भाग’ यापासून आला. ‘घोटक’पासून ‘घोडा’ ज्या ध्वनिनियमाने झाला, त्याच नियमाने ‘पाटक’चा ‘पाडा’ झाला. बंगालीतील ‘पाड़ा’ हा त्याचा सहोदर. म्हणजे पाडा हा कोणत्या तरी गावाचा अंश, ही जाणीव शब्दाच्या व्युत्पत्तीतच आहे.

मुलुंडच्या पूर्वेस नाणेपाडा व गव्हाणपाडा, पश्चिमेस सालपादेवी पाडा, तर भांडुपच्या बाजूस खिंडीपाडा ही नावे आजही रूढ आहेत. पूर्वेकडील ‘मिठागर’ रस्त्याच्या नावातील ‘आगर’ (संस्कृत ‘आकर’) खाडीकाठच्या मिठाच्या उत्पादनाची साक्ष देते. याच ‘आगर’शी ‘आगरी’ हे जातिनामही निगडित आहे. ‘खिंडीपाडा’ हे नाव डोंगरातील वाट सुचविते. गोरेगाव-मुलुंड जोडरस्त्याच्या ज्या जुळ्या बोगद्यांचे भूमिपूजन जुलै २०२४ मध्ये झाले, त्यांचे मुलुंडकडील तोंड याच परिसरात योजिले आहे, हे लक्षणीय होय.

१८५३ मध्ये बोरीबंदर-ठाणे लोहमार्ग या भूमीवरून गेला. १९२२ च्या सुमारास मुलुंडची आखीव नगररचना झाली. १९५७ मध्ये बृहन्मुंबईची हद्द मुलुंडपर्यंत वाढली. या तिन्ही स्थित्यंतरांत पाड्याचे स्थान मात्र पालटले नाही. पूर्वी तो गावाचा अंश होता, पुढे महानगरातील पत्त्याचा अंश झाला.

तथापि पुनर्विकासात इमारतीबरोबर पत्ताही बदलतो. ताम्रपट हरवला तरी त्याचा ठसा उरू शकतो. पाड्याचे नाव बोलण्यातून गेले की त्याचा पुरावा संपला. म्हणून ही नावे, त्यांचे स्थानिक उच्चार व त्यांच्या सीमा वृद्ध रहिवाशांकडून टिपून घेणे हे क्षेत्रकार्य अन्य कोणत्याही कामाआधी हाती घेतले पाहिजे.