चांगली शाळा कशी ओळखायची? एका जुन्या प्रश्नाचा इतिहास

शिक्षकांना हा प्रश्न नवा नाही. दिवाळी झाली की शेजारी, नातेवाईक, ओळखीचे, कोणी ना कोणी गाठतेच. ‘‘मुलाला कोणत्या शाळेत घालू? तुम्हाला त्यातलं कळतं, तुम्हीच सांगा.’’ आपण दोन-चार नावे घेतो आणि सुटका करून घेतो. पण आपण ती नावे कशाच्या आधारावर घेतली?

काही वर्षांपूर्वी आमच्या मुलीला पहिलीत घालायची वेळ आली, तेव्हा हा प्रश्न आमच्याच दारात आला. आम्ही दोघेही संशोधनाच्या क्षेत्रातले. त्यामुळे सवयीप्रमाणे एक तक्ता केला. आडव्या रांगेत सहा खाजगी शाळांची नावे, उभ्या रकान्यांत दहावीचा निकाल, फी, मैदान, प्रयोगशाळा, संगणक, घरापासूनचे अंतर. प्रत्येक रकान्याला गुण दिले, बेरजा केल्या. बेरजेत पहिल्या आलेल्या शाळेत गेलो, तर तिथे मुलीशी आणि आमच्याशी ‘ओळखीच्या गप्पा’ झाल्या. वीस मिनिटांत आमचे शिक्षण, हुद्दे, घरी कोणती भाषा बोलतात, घरात पुस्तके किती, सगळे विचारून झाले. बाहेर पडल्यावर लक्षात आले की या शाळेचा निकाल उत्तम का लागतो, याचे निम्मे उत्तर त्या गप्पांतच आहे. निवडून घेतलेल्या मुलांचा निकाल चांगलाच लागणार. त्यात शाळेने काय केले आणि घराने काय केले, हे आमच्या तक्त्यावरून कळायला मार्गच नव्हता. प्रयोगशाळेत अशा आकड्यांवरून एखाद्या सहकाऱ्याने निष्कर्ष काढला असता, तर आम्ही तो मान्य केला नसता.

मग आम्हाला कुतूहल वाटले. शाळेची गुणवत्ता मोजण्याचा प्रयत्न याआधी कोणी केला होता का? आणि त्याचे काय झाले?

किंग्ज सॉम्बोर्नची शाळा

सुरुवात इंग्लंडमधल्या एका खेड्यापासून करू. हॅम्पशर परगण्यात किंग्ज सॉम्बोर्न नावाचे गाव आहे. तिथले धर्मगुरू रिचर्ड डॉज यांनी १८४२ मध्ये गावात प्राथमिक शाळा सुरू केली. त्या काळी इंग्लंडमध्ये सरकारी शाळा नव्हत्या. चर्चच्या किंवा धर्मादाय संस्थांच्या शाळांना सरकार थोडेफार अनुदान देई, एवढेच. मजुरांच्या मुलांची शाळा म्हणजे दानधर्म, अशी सर्वसाधारण समजूत होती.

डॉज यांना ती मान्य नव्हती. फुकट मिळालेल्या शाळेची किंमत राहत नाही आणि शाळा चांगली असेल तर गरीब पालकही ऐपतीप्रमाणे फी देतील, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांनी मजुरांसाठी आठवड्याला काही पेन्स आणि खाऊनपिऊन सुखी शेतकऱ्यांसाठी त्याहून जास्त, अशी फी ठेवली. मुले मात्र एकाच वर्गात, एकाच बाकावर बसत. तेव्हाच्या इंग्लंडमध्ये ही साधी गोष्ट नव्हती.

आणि शिकवत काय? वाचन, लेखन, हिशेब होतेच, पण त्यांच्या जोडीला रोजच्या वस्तूंचे विज्ञान होते. किटलीच्या तोंडातून वाफ का येते, धातूच्या भांड्याला लाकडी मूठ का लावतात, पंपात पाणी वर कसे चढते. तापमापक आणि वायुभारमापक मुलांच्या हाताळण्यातले होते. कापलेल्या झाडाच्या ओंडक्यात लाकूड किती, हे मुले मोजून काढत. पाठ करण्यापेक्षा कारण सांगता येणे महत्त्वाचे, असा डॉज यांचा आग्रह होता.

पालकांनी या शाळेची परीक्षा आपल्या परीने केली. पहिल्या वर्षी पट चाळिसाच्याही आत होता, तो काही वर्षांतच दोनशेच्या वर गेला. आजूबाजूच्या गावांतून मुले येऊ लागली. या पालकांपुढे निकालाचे आकडे नव्हते. मूल संध्याकाळी घरी येऊन काय बोलते, हीच त्यांची कसोटी होती.

निकालावर पैसे

या शाळेची तपासनिसांनी तोंड भरून स्तुती केली आणि रोजच्या वस्तूंचे विज्ञान काही काळ गाजलेही. पुढे त्याला ओहोटी लागली आणि १८६२ मध्ये आलेल्या एका नियमावलीने उरलासुरला उत्साहही संपवला.

झाले असे की, अनुदानाचा खर्च वाढत चालला होता आणि सरकारला विचारले जाऊ लागले की या पैशातून मिळते काय? शिक्षण खात्याचे प्रमुख रॉबर्ट लो यांनी वरवर पाहता अगदी शास्त्रीय वाटणारे उत्तर शोधले. तपासनिसाने शाळेत जायचे, सहा वर्षांवरच्या प्रत्येक मुलाची वाचन, लेखन आणि अंकगणित अशी परीक्षा घ्यायची आणि निकालाप्रमाणे पैसे द्यायचे. प्रत्येक मुलामागे हजेरीचे ४ शिलिंग आणि परीक्षेचे ८ शिलिंग. एका विषयात मूल नापास झाले की २ शिलिंग ८ पेन्स कापायचे. तिन्ही विषयांत नापास म्हणजे आठच्या आठ शिलिंग गेले.

शिक्षकाच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. पगार अनुदानातून निघणार आणि अनुदान तीन विषयांतून. मग किटलीच्या वाफेसाठी वेळ कोण घालवणार? इतिहास, भूगोल, विज्ञान मागे पडले. परीक्षेत ठराविक पुस्तकातला उतारा वाचायचा असे, म्हणून पुस्तकच पाठ करून घेतले जाऊ लागले. मॅथ्यू अर्नोल्ड हे कवी म्हणून प्रसिद्ध आहेत, पण पोटापाण्यासाठी त्यांनी पस्तीस वर्षे शाळा तपासल्या. त्यांनी आपल्या अहवालांत स्पष्ट लिहिले की, नीट तयारी करून घेतली तर वाचता, लिहिता आणि हिशेब करता न येणारे मूलही या परीक्षेत उत्तीर्ण होऊ शकते. मोजमाप चालू होते, पण जे मोजायचे ते हातातून निसटले होते. इंग्लंडला ही पद्धत पूर्णपणे मोडीत काढायला सुमारे पस्तीस वर्षे लागली.

आपल्याकडे

साहेबाच्या देशातली पद्धत आपल्याकडे यायला वेळ लागला नाही. १८५४ च्या वुडच्या खलित्याने खाजगी शाळांना अनुदान द्यायचे तत्त्व मान्य केले होते. मुंबई इलाख्यात या अनुदानासाठी निकालाची अट आली.

१८८२ मध्ये हंटर आयोगापुढे जोतीराव फुले यांनी निवेदन सादर केले. जोतीरावांनी आणि सावित्रीबाईंनी स्वतः खाजगी शाळा काढून चालवल्या होत्या. पुण्यात मुलींसाठी १८४८ पासून आणि पुढे महार-मांग मुलांसाठी. म्हणून त्यांचे मत अनुभवाचे होते. निकालावर पैसे देण्याची पद्धत, ज्यांच्यात अजून शिक्षणाची आवड निर्माण झालेली नाही अशा समाजाला लागू पडणार नाही, असे त्यांनी सांगितले. कारण उघड होते. पैसे निकालावर मिळणार असतील, तर ज्या वस्तीत निकाल लागण्याची खात्री नाही तिथे स्वतःच्या जोखमीवर शाळा काढायला कोणता शिक्षक जाईल? म्हणजे ज्या मुलांना शाळेची सर्वांत जास्त गरज, त्यांच्यापासूनच शाळा दूर राहणार. आमच्या मुलीशी झालेल्या ‘ओळखीच्या गप्पां’चे मूळ आम्हाला इथे सापडले. निकालावर पत ठरू लागली की शाळा मुले निवडू लागते.

१९०४ मध्ये लॉर्ड कर्झनच्या सरकारने शिक्षणविषयक ठरावात ही पद्धत सोडून देण्याचे ठरवले. पद्धत गेली, सवय मात्र राहिली.

एका वकिलाचा मुलगा

यानंतरची गोष्ट एका पालकाची आहे. गिजुभाई बधेका सौराष्ट्रात वकिली करत होते. १९१३ मध्ये त्यांना मुलगा झाला आणि त्याला शिकवायचे कसे, कुठे, याचा विचार त्यांच्या डोक्यात घोळू लागला. भोवतालच्या शाळांत छडी होती आणि घोकंपट्टी होती. मारिया माँटेसरी यांनी १९०७ मध्ये रोममधल्या कष्टकरी वस्तीत काढलेल्या बालगृहाविषयीची पुस्तके त्यांच्या हाती आली. वकिली सोडून ते भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गेले आणि १९२० मध्ये त्यांनी तिथे बालमंदिर सुरू केले.

पुढे ताराबाई मोडक त्यांना येऊन मिळाल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. १९४५ मध्ये ताराबाई तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला गेल्या आणि अनुताई वाघ यांच्यासह, पैसेवाल्यांच्या मुलांपुरते राहिलेले बालशिक्षण त्यांनी अंगणात आणले, नंतर कोसबाडला आदिवासी पाड्यांवर नेले. महागड्या साधनांऐवजी बिया, शंख, दगड, पाने आली. शाळेचा दर्जा सामानावर अवलंबून नसतो, हे त्यांनी करून दाखवले.

सहा लाख मुले आणि एक सोडत

करून दाखवणे वेगळे आणि मोजून दाखवणे वेगळे. १९६६ मध्ये अमेरिकेत जेम्स कोलमन या समाजशास्त्रज्ञाच्या नेतृत्वाखाली एक प्रचंड पाहणी प्रसिद्ध झाली. त्यात सुमारे ४ हजार शाळा आणि ६ लाख विद्यार्थी होते. गोऱ्या आणि काळ्या मुलांच्या शाळांतल्या सोयींमधला फरक प्रगतीतल्या फरकाचे कारण असेल, अशी सर्वांची अपेक्षा होती. प्रत्यक्षात इमारत, ग्रंथालय, प्रयोगशाळा यांच्यापेक्षा मुलाच्या घरच्या परिस्थितीचा संबंध कितीतरी जास्त दिसला. शाळेतल्या गोष्टींपैकी त्यातल्या त्यात महत्त्वाचा ठरला तो शिक्षक.

तरीही अडचण राहतेच. पाहणीत घर आणि शाळा यांची गुंतागुंत पूर्ण सुटत नाही. त्यासाठी प्रयोग हवा आणि तो आपल्या तेव्हाच्या शेजारच्या राज्यात झाला. २००८ पासून आंध्र प्रदेशातल्या पाच जिल्ह्यांत, १८० गावांत, कार्तिक मुरलीधरन आणि वेंकटेश सुंदररामन यांनी हा प्रयोग केला. सरकारी शाळेतल्या मुलांच्या पालकांना खाजगी शाळेत जाण्यासाठी शिष्यवृत्ती देऊ केली. ती कोणाला मिळणार हे सोडतीने ठरले. चिठ्ठी घराची श्रीमंती पाहत नाही, पालकांचे शिक्षणही पाहत नाही. म्हणून चिठ्ठी लागलेली आणि न लागलेली मुले यांची तुलना निर्दोष ठरते.

एरवी नुसते पाहिले तर खाजगी शाळांतली मुले बरीच पुढे दिसत. पण सोडतीनंतर दोन वर्षांनी आणि चार वर्षांनी मोजले, तेव्हा तेलुगू आणि गणितात दोन्ही गटांत फरक आढळला नाही. खाजगी शाळांत गेलेली मुले हिंदीत पुढे होती, कारण सरकारी प्राथमिक शाळांत हिंदी जवळपास शिकवतच नव्हते. या खाजगी शाळांच्या बाजूनेही एक गोष्ट सांगायला हवी. तेलुगू आणि गणिताला कमी वेळ देऊन आणि मुलामागे सरकारी शाळेच्या एक तृतीयांशाहूनही कमी खर्चात त्यांनी हे साधले होते. आणखी एक इशारा त्या आकड्यांत होता. तेलुगू माध्यमातून एकदम इंग्रजी माध्यमाच्या शाळेत गेलेल्या मुलांची प्रगती, तेलुगू माध्यमाच्या खाजगी शाळेत गेलेल्यांपेक्षा कमी दिसली. हा शेवटचा निष्कर्ष सोडतीइतका पक्का नाही, पण दुर्लक्ष करण्यासारखाही नाही.

आपल्या देशात २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने प्रवेशासाठी मुलांची वा पालकांची चाळणी लावायला मनाई केली आणि विनाअनुदानित खाजगी शाळांत २५ टक्के जागा दुर्बल घटकांसाठी ठेवल्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने, एक किलोमीटरच्या आत सरकारी वा अनुदानित शाळा असेल तर खाजगी शाळेला यातून सूट देणारी अधिसूचना काढली. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली. १८८२ मधला वाद पूर्ण मिटलेला नाही, असाच याचा अर्थ.

मग आम्ही काय केले?

तक्ता बाजूला ठेवला. घरापासून चालत जाता येईल अशा तीन शाळा निवडल्या आणि मुख्याध्यापकांना विनंती केली की एखादा तास मागे बसून पाहू द्या. एका शाळेने नकार दिला. दुसरीत सर्व मुलांच्या वह्यांत अक्षरशः एकच निबंध होता, शेवटच्या पूर्णविरामापर्यंत. तिसरी एका संस्थेने चालवलेली मराठी माध्यमाची साधी अनुदानित शाळा होती. तिसरीचा वर्ग, वजाबाकी चालू होती. एका मुलाने फळ्यावर चुकीचे उत्तर लिहिले. बाईंनी ते पुसले नाही. त्यालाच विचारले, ‘‘हे कसं काढलंस, सांग बरं.’’ त्याने सांगता सांगता हातचा कुठे विसरला ते दुसऱ्या बाकावरच्या मुलीला सापडले. बाई गप्प उभ्या होत्या. त्या शाळेचे मैदान लहान होते आणि एका पंख्याचा आवाज येत होता. मुलीला तिथे घातले.

निवड बरोबर ठरली का? मुलगी आनंदाने शाळेत गेली, एवढे सांगता येईल. दुसऱ्या शाळेत ती कशी घडली असती, हे कळायला आमच्याकडे दुसरी तशीच मुलगी नाही. एका मुलावर प्रयोग होत नाही.

शिक्षक मित्रांना मात्र एक सुचवावेसे वाटते. पुढच्या वेळी कोणी शाळेचे नाव विचारले, तर नाव सांगण्याआधी त्यांना एखाद्या वर्गात मागे बसून यायला सांगा. चूक झाली की वर्गात काय होते ते पाहा म्हणावे, आणि दहा मुलांच्या वह्या चाळा. आणि तुमच्याच शाळेत कोणी पालक असे पाहायला आले, तर त्यांना मागच्या बाकावर जागा करून द्या.