लग्नाचा खर्च नेमका कोणाच्या हक्काचा? सत्यशोधक विवाह, कोल्हापूर आणि आपला रिसर्च क्वेश्चन

नेट-सेटचा अभ्यास चालू असतो, पीएच.डी.च्या प्रवेश परीक्षेचा फॉर्म भरलेला असतो, आणि घरात मात्र वेगळीच चर्चा रंगलेली असते. स्थळं, पत्रिका, हॉलच्या तारखा. संशोधनाची तयारी करण्याचं आपलं वय आणि लग्नाचं वय एकच, त्यामुळे हे चुकत नाही. मग 'कमी खर्चात, पण लक्षात राहील असं लग्न करू' असं कोणीतरी म्हणतं आणि बजेटची वही उघडली जाते. आज या पोस्टमध्ये तीच वही आपण संशोधक म्हणून वाचायची आहे. काटकसरीच्या दहा टिप्स इथे मिळणार नाहीत. पण शेवटपर्यंत वाचलंत तर वही बघायची एक रीत नक्की मिळेल, आणि ती सिनॉप्सिस लिहितानाही उपयोगी पडेल.

आधी प्रश्न तपासा

समजा तुम्हाला या विषयावर सिनॉप्सिस लिहायचा आहे. पहिलं शीर्षक काय सुचेल? बहुधा 'ग्रामीण भागातील विवाहांवरील वाढता अनावश्यक खर्च : एक अभ्यास'. आता यातले 'वाढता' आणि 'अनावश्यक' हे दोन शब्द बघा. हे दोन्ही तुमचे निष्कर्ष आहेत आणि ते डेटा गोळा करण्याआधीच शीर्षकात जाऊन बसलेत. प्रयोगशाळेत आपण असं कधी करत नाही. रीडिंग घेण्याआधी उत्तर लिहिलं तर सर फाईल फेकून देतील. सामाजिक विषयात मात्र ही चूक सहज खपते, कारण 'लोक लग्नात उधळपट्टी करतात' हे वाक्य आपण लहानपणापासून ऐकलेलं असतं.

हे वाक्य किती जुनं आहे ते बघू. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावात शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध उठाव केला आणि तो पुणे-नगर भागात पसरला. यालाच आपण दख्खनचे दंगे म्हणतो. बहुतेक ठिकाणी लोकांचा रोख सावकारांच्या घरातल्या कर्जरोख्यांवर होता. सरकारने चौकशी आयोग नेमला. शेतकरी कर्जात का बुडतो, याचं तयार उत्तर तेव्हाही होतं : लग्नं आणि सणवार. पण आयोगाने कागद तपासले आणि म्हटलं की या कारणाला वाजवीपेक्षा जास्त महत्त्व दिलं गेलंय. लग्नाचा खर्च शेतकऱ्याच्या ऐपतीच्या मानाने मोठा असतो हे खरं, पण तो क्वचित येतो. कर्जाची सुरुवात सहसा त्यापासून होत नाही.

महात्मा फुल्यांनी 'शेतकऱ्याचा आसूड'मध्ये (हे लेखन १८८३ चं) हाच समज खोडून काढलाय. गरीब कुणब्याच्या घरचं लग्न खरोखर कसं असतं, पानात काय पडतं, याचं वर्णन करून ते उधळपट्टीच्या आरोपाला उत्तर देतात. आणि त्याच पुस्तकात, जन्मापासून मरणापर्यंत प्रत्येक विधीला शेतकऱ्याकडून दक्षिणेच्या नावाने काय काय काढलं जातं, याची लांबलचक यादीही देतात.

या दोन गोष्टी एकत्र वाचल्या तर फुल्यांचा प्रश्न आपल्यापेक्षा वेगळा होता हे लक्षात येतं. आपण विचारतो, 'खर्च किती?' ते विचारतात, 'खर्च कोणाकडे जातो, आणि कोणत्या हक्काने?'

२५ डिसेंबर १८७३

सत्यशोधक समाजाची स्थापना पुण्यात २४ सप्टेंबर १८७३ ला झाली. त्यानंतर तीनच महिन्यांनी, २५ डिसेंबरला, पहिला सत्यशोधक विवाह लागला. वर सीताराम जबाजी आल्हाट, वधू राधा ग्यानोबा निंबणकर. सावित्रीबाईंनी या लग्नात पुढाकार घेतला होता. पुरोहित नव्हता, हुंडा नव्हता, खर्च नाममात्र होता.

पाठ्यपुस्तकांत ही घटना 'साधेपणाने केलेला विवाह' म्हणून येते. ते चूक नाही, पण अपुरं आहे. विधीत काय होतं ते बघा. फुल्यांनी मंगलाष्टकं मराठीत लिहिली आणि ती वधूवरांच्या संवादाच्या रूपात रचली. वधू स्त्रियांच्या हक्कांबद्दल बोलते, वर लोकांसमोर वचन देतो. १८८७ मध्ये हा सगळा पूजाविधी छापून प्रसिद्ध झाला, म्हणजे कोणीही तो वाचून लग्न लावू शकत होता. ४ फेब्रुवारी १८८९ ला फुल्यांनी आपला दत्तक मुलगा यशवंत याचं लग्न याच पद्धतीने लावलं.

आता बजेटच्या भाषेत याचा अर्थ काय? त्यांनी फुलं कमी केली नाहीत की वाजंत्रीवाल्याशी घासाघीस केली नाही. त्यांनी एक हक्कदार यादीतून काढला. तो गेल्यावर त्याच्या नावाचा खर्च आपोआप गेला. लग्न स्वस्त झालं हा त्याचा परिणाम होता. उद्देश वेगळा होता.

स्वस्त लग्नावर दावा लागतो तेव्हा

हा नुसता सोयीचा अर्थ आहे की पुराव्याने सिद्ध होतो? संशोधनात हा प्रश्न स्वतःला विचारायचाच. इथे पुरावा कोर्टाच्या कागदांत आहे.

त्या काळी गावजोशीपण हे वतन होतं. पाटीलकी-कुलकर्णीपणासारखा तो वंशपरंपरागत हक्क. त्यामुळे एखाद्या कुटुंबाने जोशाला न बोलावता लग्न लावलं, तरी 'माझी दक्षिणा द्या' असा दावा तो करू शकत होता, आणि असे दावे खरोखर लागले. जुन्नर तालुक्यातल्या ओतूरला सत्यशोधक पद्धतीने लग्न लागल्यावर ग्रामजोशांनी कोर्टाची पायरी चढली आणि प्रकरण मुंबईच्या हायकोर्टापर्यंत गेलं.

क्षणभर थांबून विचार करा. सेवा घेतलीच नाही, तरी पैसे मागितले जातात. मग हा खर्च आहे की कर? खर्च म्हटलं तर आपण कुटुंबाच्या आवडीनिवडीचा अभ्यास करू. कर म्हटलं तर सत्तेचा अभ्यास करावा लागेल. शब्द बदलला की संशोधनाची पद्धतच बदलते.

हा हक्क कायद्याने संपायला १९२६ साल उजाडलं. मुंबई कायदेमंडळात सी. के. बोले यांनी आणलेलं 'जोशी बिल' त्या वर्षी मंजूर झालं आणि न बोलावलेल्या पुरोहिताला दक्षिणा देण्याचं बंधन गेलं. पहिल्या सत्यशोधक विवाहापासून मोजलं तर त्रेपन्न वर्षं.

कोल्हापुरात काय झालं

इथे एक सूचना. दख्खन दंगे आयोग आणि १९२६ चा कायदा हे ब्रिटिश मुलखातले. कोल्हापूर संस्थान वेगळं, त्याची कागदपत्रं वेगळी. तिकडचा निष्कर्ष उचलून इकडे चिकटवायचा नाही. व्हायवाला पहिला प्रश्न यावरच येईल.

कोल्हापुरात विषय पेटला तो वेदोक्त प्रकरणाने, १८९९ च्या सुमारास. राजघराण्याचे विधी वेदोक्त मंत्रांनी करायला पुरोहिताने नकार दिला. म्हणजे विधी करण्याचा अधिकार कोणाकडे, हा प्रश्न इथे थेट राजवाड्यात उभा राहिला. पुढे १९११ मध्ये कोल्हापुरात सत्यशोधक समाज स्थापन झाला आणि भास्करराव जाधव त्याचे अध्यक्ष झाले. १९१३ मध्ये विधी शिकवण्यासाठी सत्यशोधक शाळा निघाली. १९२० मध्ये ब्राह्मणेतर पुरोहित तयार करण्यासाठी श्री शिवाजी वैदिक विद्यालय सुरू झालं आणि त्याच वर्षी क्षात्रजगद्गुरू हे पीठही निर्माण झालं.

या यादीत एक ताण आहे, तो सोडू नका. फुल्यांना पुरोहित हा मधला माणूसच नको होता. वैदिक विद्यालयाने पुरोहित ठेवला, फक्त त्याची जात बदलली. लग्नाच्या वहीत बघितलं तर पहिल्या मार्गात दक्षिणेची ओळ खोडली जाते आणि दुसऱ्यात ती राहते, समोरचं नाव बदलतं. दोन्हींना 'सत्यशोधकी सुधारणा' म्हणून एकाच वाक्यात कोंबलं की अभ्यासाचा सगळा जीव निघून जातो.

आणि शाहू महाराजांनी विधीच्या पलीकडे जाऊन कायदाही हातात घेतला. संस्थानात १९१७ मध्ये विधवा पुनर्विवाहाचा आणि १९१९ मध्ये आंतरजातीय विवाहाचा कायदा झाला. कारण नुसतं लग्न लागून भागत नाही, ते टिकलं पाहिजे, वारसा मिळाला पाहिजे. तामिळनाडूतल्या स्वाभिमान विवाहांचंही हेच झालं. पेरियार यांच्या चळवळीत पुरोहिताशिवाय लग्नं १९२० च्या दशकापासून लागत होती, पण त्यांना कायद्याची मान्यता मिळाली १९६७ च्या दुरुस्तीने. मधली चाळीस वर्षं त्या जोडप्यांनी धोका पत्करला होता. साध्या लग्नाची ही किंमत रुपयांत मोजता येत नाही, म्हणून खर्चाच्या तक्त्यात दिसत नाही.

जो हक्कदार यादीत राहिला

पुरोहित गेला किंवा बदलला. मग आजची लग्नं स्वस्त का नाहीत?

आपल्या भागातली वही उघडा. याद्या, साखरपुडा, गांधीनगरला जाऊन बस्ता, गुजरीत सोनं, हॉल, जेवण, आणि मग मानपान. मामाचा टॉवेल-टोपी, आत्याची साडी, व्याह्यांचा मान. दक्षिणेची ओळ आता शेवटी कुठेतरी बारीक अक्षरात असते. वरची सगळी जागा नातेवाइकांनी आणि गावाने घेतलेली असते. हेही हक्कदारच. फरक एवढाच की हे कोर्टात जात नाहीत, रुसतात.

पण यांना 'अनावश्यक' म्हणून खोडणं सोपं नाही, आणि त्याचं कारण आहेराच्या वहीत आहे. फ्रेंच अभ्यासक मार्सेल मॉस यांनी १९२५ मध्ये भेटवस्तूंवर जो प्रसिद्ध निबंध लिहिला, त्याचा गाभा असा : देणं, घेणं आणि परत करणं ही तिन्ही बंधनं आहेत. आपल्या आजीला हे मॉस न वाचता माहीत असतं. म्हणून तर आहेर कोणी किती केला हे लिहून ठेवतात. पुढे त्यांच्या घरी कार्य निघालं की तेवढं तरी परत करायचं. म्हणजे आजचा 'खर्च' हा काही अंशी जुनी परतफेड असतो आणि काही अंशी पुढची ठेव. ज्यांच्याकडे तुम्ही वीस वर्षं जेवून आलात, त्यांना एका लग्नात न बोलावणं ही बचत नाही, ती थकबाकी आहे.

एप्रिल २०२१ मध्ये कोविडच्या नियमांनी महाराष्ट्रात लग्नाला २५ माणसं आणि दोन तास अशी मर्यादा आली होती. संशोधकाच्या नजरेने हा नैसर्गिक प्रयोगच. तेव्हा ज्या घरी कार्य झालं तिथे २५ नावं निवडावी लागली. कोणाला ठेवलं, कोणाला गाळलं, आणि नंतर कोणासाठी पुन्हा जेवण घातलं, या तीन याद्या शेजारी ठेवल्या तर कोणाचा हक्क पक्का आणि कोणाचा सैल ते उघड दिसतं. या मुलाखती घ्यायच्या असतील तर आत्ताच घ्या, आठवणी पुसट होत चालल्यात.

लक्षात राहतं ते काय

दीडशे वर्षांनंतर आपण आल्हाट-निंबणकर लग्नाची तारीख सांगू शकतो. त्या वर्षी पुण्यात थाटामाटाची किती लग्नं झाली असतील, त्यातलं एकही आपल्याला माहीत नाही. अर्थात इथेही सावध राहायचं. हे लग्न टिकलं कारण त्याच्यामागे संस्था होती, अहवाल होते, छापलेला विधी होता. म्हणजे एखादं लग्न स्मरणात राहायचं असेल तर ते लोकांसमोर काहीतरी ठरवून केलेलं हवं आणि त्याची नोंद हवी. बंद दाराआड चार माणसांत उरकलेलं स्वस्त लग्न आणि भर मांडवात दक्षिणा नाकारून केलेलं स्वस्त लग्न, यांची बेरीज कदाचित सारखी येईल. इतिहासात त्यांची जागा सारखी नाही.

तुमच्यासाठी काम

या आठवड्यात एवढं करा. घरात जुनी लग्नाची यादी किंवा आहेराची वही असेल तर शोधा. माळ्यावर, ट्रंकेत, देवघराच्या कपाटात बघा. आकडे बेरजेला घेऊ नका. प्रत्येक ओळीपुढे तीन रकाने आखा : हे कोणाला मिळालं, कोणत्या हक्काने, आणि दिलं नसतं तर काय झालं असतं. तिसरा रकाना कागदावर भरता येणार नाही, त्यासाठी आई, आत्या, आजोबा यांच्याजवळ बसावं लागेल. मग तोच तक्ता दुसऱ्या पिढीच्या लग्नासाठी करा आणि दोन्ही शेजारी ठेवा. कोणती ओळ गेली, कोणती आली, कोणत्या ओळीतलं फक्त नाव बदललं, हे दिसेल. दुसऱ्याच्या घरची वही वापरणार असाल तर आधी परवानगी घ्या आणि नावं बदला. त्यात त्या घराची देणी लिहिलेली असतात.

आणि तुमच्याच घरात सध्या बजेटची वही उघडलेली असेल, तर तिलाही हेच तीन रकाने लावा. तिसऱ्या रकान्यात जिथे 'काहीच झालं नसतं' असं लिहावं लागेल, तिथून कात्री चालवायला सुरुवात करा. जिथे 'आत्या कायमची तुटली असती' असं येईल, तिथे आधी आत्याला भेटून या.